दिवाळं निघाल्यावर घर शोधताना



आज पापडाची कृती नाही आणि तिथींची माहितीही नाही. बरेच दिवस टाळलेला विषय आज लिहायला घेतला आहे. तुमच्यापैकी काहीजणींना तो ठाऊकच आहे, कारण तुमचे पैसे आमच्या पेढीत होते. त्यांनी हे वाचलं तर बरं वाटेल. नाही वाचलं तरी मी समजू शकते.

बीडच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान होतं. कापूस, तूर, बाजरी. शेतकऱ्याला पेरणीला उचल द्यायची आणि माल आला की हिशेब करायचा, अशी तीन पिढ्यांची रीत. 2017 साली कापसावर गुलाबी बोंडअळी आली, ते तुम्हाला आठवत असेल. बोंडं वरून हिरवीगार आणि आतून किडलेली. उचल गेली, माल आला नाही. त्याच वर्षी यांनी जिनिंगमध्ये भागीदारीसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं, दुकान आणि घर तारण ठेवून. पुढच्या वर्षी, 2018 ला, दुष्काळ. त्या दिवाळीला आमच्याकडे नव्या वह्या आल्या नाहीत. वह्यांच्या पूजेचं ताट मी मांडलं आणि मग मीच उचलून ठेवलं.

दिवाळं हा शब्द दिव्यावरून आला असं सांगतात. पूर्वी ज्या व्यापाऱ्याला देणं फेडता येत नसे तो दिवसाढवळ्या पेढीवर दिवा लावून बसे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. लहानपणी मला ही गोष्ट फार क्रूर वाटायची. आता तशी वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

बँकेची 60 दिवसांची नोटीस आली, मग घर आणि दुकान गेलं. उरलेल्या देण्यासाठी वकिलांनी जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज करायला सांगितलं. 1920 चा जुना कायदा आहे. त्यात पाचशे रुपयांच्या कर्जाचीही नादारी मागता येते, इतका जुना. वकिलांनी मला एक गोष्ट मुद्दाम समजावून सांगितली, ती तुम्हालाही ठाऊक असावी. कर्जासाठी घरातलं सगळं जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं 60 वं कलम आहे. नवरा-बायको-मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी मोजली. कायद्याने माझ्याकडे ठेवलेलं एवढंच होतं, म्हणून ती घासूनपुसून नीट लावली.

मग घर शोधायचं काम आलं. ते माझ्याकडे होतं, कारण हे तेव्हा घराबाहेर पडत नव्हते.

साहजिकच पहिल्यांदा आपल्या लोकांत विचारलं. शाकाहारी गल्ली, जवळ स्थानक, सासूबाईंना प्रवचनाला जाता यावं. तीन ठिकाणी खोल्या रिकाम्या होत्या. एका घरी सांगितलं, मुलाचं लग्न ठरतंय, खोली लागेल. दुसरीकडे रंगकाम काढायचं होतं. तिसरीकडे घराच्या मालकीणबाई काहीच बोलल्या नाहीत. चहा दिला आणि माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे चाळीस हजार आमच्याकडे होते.

मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण घरी येताना एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या बीडच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देत असू. एकदा एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचं किराणा दुकान बंद पडलं होतं, ते मला बाहेरून कळलं होतं. मी म्हणाले, खोली भावासाठी ठेवली आहे. मला भाऊ नाही. त्या बाईने मान हलवली, पाणी पिऊन गेली. तिचं नावही मला आठवत नाही. पण मान हलवायची ती पद्धत आठवते, कारण आता मीही तशीच हलवत होते.

चौथ्या ठिकाणी मी शहाणपणा केला. गल्ली ओळखीची नव्हती. मालकांनी विचारलं, काय करता? मी म्हणाले, आडत दुकान आहे. हे "आहे" माझ्या तोंडून सहज निघून गेलं. अनामत दिली, किल्ली घेतली, खोली झाडून काढली, देवाच्या जागेसाठी फळी लावली. आठव्या दिवशी मालक दारात आले. त्यांना मोंढ्यात कळलं होतं. चांगला माणूस. अनामत पूर्ण परत दिली, एवढंच म्हणाले, "ताई, दिवाळं निघालं याचं काही नाही. पण तुम्ही सांगितलं नाही." मुलगा तिथेच अभ्यास करत बसला होता. त्याने वही मिटली.

ते आठ दिवस मला पुरून उरले. आपल्या श्रावकाच्या दुसऱ्या व्रतात पाच मोठी असत्यं सांगितली आहेत: मुलीच्या लग्नाच्या बाबतीत खोटं बोलणं, गुराढोरांच्या बाबतीत, जमिनीच्या बाबतीत, कुणाची ठेव नाकारणं आणि खोटी साक्ष. प्रतिक्रमणात आपण ती वर्षानुवर्षं म्हणतो. मी तर लहानपणापासून पाठ म्हणते. पण जमिनीबद्दलचं खोटं म्हणजे काहीतरी सात-बाराच्या भानगडी, असंच मी धरून चालले होते. एका खोलीसाठी मी ते बोलेन असं कधी वाटलं नव्हतं.

वकिलांना ही हकिकत सांगितली तर ते हसले नाहीत. म्हणाले, जपा. नादार ठरलेला माणूस, न्यायालयाने मोकळं करेपर्यंत, कुणाकडूनही 50 रुपये किंवा जास्त उधार घेणार असेल तर त्याने आधी सांगायला हवं की मी नादार आहे. न सांगितलं तर गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खोलीचं भाडं आगाऊ दिलं तर ती उधारी नाही, पण सवय मात्र सांगायचीच लावून घ्या. मी विचार करत राहिले, शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने आणि त्याच्या कितीतरी आधीच्या व्रताने एकच गोष्ट सांगितली आहे. समोरच्याने विश्वास टाकण्याआधी त्याला काय ते कळू दे. दिवसा लावलेला दिवाही तेवढंच सांगत असणार.

पालीचं घर यांच्या जुन्या गिऱ्हाइकामुळे मिळालं. पाली म्हणजे बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की येणारं गाव, बिंदुसरा धरणाजवळचं. आम्ही धरण पाहायला सहलीला गेलो होतो, तेवढाच त्या गावाशी संबंध. एका शेतकऱ्याने निरोप दिला की त्याच्या चुलतीकडे दोन खोल्या आहेत, वर पत्रे, पुढे ओसरी, पाणी बोअरचं. मी एकटीच गेले. यांना नेलं नाही, आधी माझं बोलून होऊ दे म्हटलं.

मावशी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच सांगितलं: आमचं दिवाळं निघालंय, कोर्टात नादारीचा अर्ज आहे, घर बँकेने घेतलं, माझ्या नवऱ्याला महिन्याला पगार मिळेल अशी नोकरी अजून लागलेली नाही, दोन महिन्यांचं भाडं माझ्याकडे आहे, पुढचं मी पापड-शेवया करून देईन. लोकांचे पैसे बुडालेत, तेही सांगितलं. नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं म्हणून सांगते.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "बसा तर खाली," म्हणाल्या. "कर्ज काय आमाला नवं हाय का बाई? पाऊस आला तर फिटतं, न्हाई आला तर वाढतं. तुमच्या काट्यावर आमचा माल कधी कमी भरला न्हाई, हे म्या बगितलंय. माजे मालक जिते व्हते तव्हा म्हणायचे, तिथं टाका, तिथं माप सरळ हाय." मग विचारलं, "लेकरं किती?"

मी रडले. त्या शेंगा फोडत राहिल्या.

मैत्रिणींनो, माझ्या मनात तोपर्यंत एकच होतं, की पत गेली. पत म्हणजे बँकेतली, मोंढ्यातली, समाजातली. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटं माप, खोटा तराजू येतो, ते मी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. ते दर संवत्सरीला काटा स्वतः तपासून घ्यायचे. त्यांनी काटा सरळ ठेवला, आणि ते गेल्यावर अकरा वर्षांनी त्याच्यावर आम्हाला छप्पर मिळालं. पैसा बुडाला तरी एवढी पत एका अनोळखी घरात शिल्लक होती. आणि ती मला खरं बोलल्यामुळेच कळली. "आडत दुकान आहे" म्हटलं असतं तर काट्याचा विषय निघालाच नसता.

करार करायचा म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, कागद कशाला? पण मी आग्रह धरला, आणि तुम्हीही धरा, घर देत असाल तरी आणि घेत असाल तरी. आपल्याकडे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या 55 व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरून चालतात, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे कागद नसेल तर त्रास बहुधा मालकालाच. मावशींच्या भल्यासाठीच मी तो केला. महिना अडीच हजार, अनामत पाच हजार, अकरा महिने. अनामतीचा आकडा आणि ती परत कधी द्यायची हे करारात स्पष्ट लिहा. ठेव म्हणजे ठेव. दोघींच्याही लक्षात राहते, असं समजू नका.

रात्री झोप लागायची नाही तेव्हा सासूबाईंनी मला बनारसीदासांची गोष्ट सांगितली. आपल्यातले पुष्कळजण त्यांना अध्यात्माचे कवी म्हणून ओळखतात. पण ते व्यापारी होते, आणि वारंवार बुडालेले. जौनपूरला 1586 साली जन्मले, आणि 1641 साली आग्र्यात स्वतःची हकिकत लिहिली, "अर्धकथानक" नावाने. तरुणपणी माल घेऊन आग्र्याला आले आणि सगळं घालवून बसले. काही माल तोट्यात गेला, काही हरवला. खिशात काही राहिलं नाही. एका कचोरीवाल्याकडे उधारीवर खाऊ लागले. काही दिवसांनी त्यांनी त्याला स्वतःच सांगितलं की माझ्याकडे द्यायला काही नाही, तू उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, तुम्ही खात राहा. कित्येक महिने त्याने खाऊ घातलं. संध्याकाळी बनारसीदास लोकांना काव्यं वाचून दाखवायचे. पुढे पैसे आल्यावर त्यांनी त्याचा हिशेब चुकता केला.

मी सासूबाईंना म्हटलं, तो कचोरीवाला भला होता म्हणून. त्या म्हणाल्या, भला होताच. पण आधी सांगितलं कुणी?

हे वाचून कुणाला वाटेल की बुडणं ही फक्त आपल्यासारख्या छोट्या लोकांची गोष्ट. तसं नाही. 1865 साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईच्या बाजारात भले भले बुडाले. प्रेमचंद रायचंद त्यातलेच, आपल्यापैकी, त्या काळी मुंबईतले सर्वात नावाजलेले कापसाचे व्यापारी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाने आहे. तो पुरा झाला 1878 मध्ये, बुडाल्यानंतर तेरा वर्षांनी. लोक आज टॉवर बघतात. मोठ्यांचं असं असतं, हेही खरं. आमच्या नावाचा टॉवर होणार नाही. आमच्या नावाची एक वही आहे, तिच्याबद्दल सांगते.

त्याआधी एक प्रसंग. पालीत आम्हाला सहा महिने झाले होते. कार्तिकी पौर्णिमा होऊन चातुर्मास संपला होता, विहार सुरू झाले होते. तीन साध्वीजी मांजरसुंब्याकडून बीडला चालल्या होत्या. उन्हं वर आली म्हणून गावात थांबायचं ठरलं आणि कुणीतरी आमचं घर दाखवलं. आमच्या खोल्या लहान. मावशींची ओसरी मोठी. मी म्हणाले, ओसरीत बसा ना, आपलंच आहे. मोठ्या महाराजसाहेब थांबल्या. विचारलं, घर कुणाचं? मग मावशींच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, आम्ही संध्याकाळपर्यंत इथे थांबू का?

मावशी गडबडल्या. "तुमी यांच्या गुरू, आन मला इचारता?"

"जागा तुमची आहे," महाराजसाहेब म्हणाल्या. "विचारल्याशिवाय आम्ही घेत नाही."

मावशींनी भाकरी आणली तर ती घेता येईना, कारण ज्याच्या जागेत उतरायचं त्याच्या घरचा आहार साधू-साध्वी घेत नाहीत. त्याला शय्यातर म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. मावशींना समजावताना माझी तारांबळ उडाली. त्यांना वाटलं, भाकरी चालत नाही. मग महाराजसाहेबांनीच सांगितलं, तुम्ही जागा दिलीत, हे फार झालं, त्यावर आणखी भार नको. ते मावशींना पटलं. संध्याकाळ होण्याआधी साध्वीजी निघाल्या. निघताना ओसरी झाडली आणि पुन्हा मावशींना सांगितलं, आम्ही जातो, जागा तुमच्या स्वाधीन.

मी दारात उभी राहून बघत होते. आपण साधूला अनगार म्हणतो. ज्याला घर नाही तो. लहानपणापासून वंदना करत आले, पण त्यांचं रोजचं जगणं असं असतं हे मी त्या दिवशी पाहिलं. रोज नवीन दार, रोज विचारायचं, रोज परत द्यायचं. आणि विचारताना त्यांची मान खाली नव्हती. मी मात्र सहा महिने त्या घरात चोरासारखी वावरत होते. बोअरचं पाणी गाळतानाही घाबरत, भाडेकरू ना आपण. त्या रात्रीपासून ते थांबलं. घर माझं नव्हतं, पण मी विचारून राहिले होते, खरं सांगून राहिले होते. तेवढ्याने मान वर करता येते.

माझं आणि त्यांचं एकच आहे असं म्हणत नाही. त्यांनी सोडलं, आमचं गेलं. फरक फार मोठा आहे.

आता वहीबद्दल. यांना पुढे बीडमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशेबाची नोकरी लागली. मी पापड, शेवया, मसाले करते. 2022 साली न्यायालयाने आम्हाला मोकळं केलं. वकील म्हणाले, कायद्याने आता ही जुनी देणी तुमच्यावर नाहीत. बँकेचं आम्ही त्यांच्यावर सोडलं. पण एक यादी आम्ही वेगळी काढली. समाजातल्या एकोणीस बायकांची. कुणाचे माहेरचे, कुणाचे शिवणाचे, एकीचे मुलीच्या लग्नासाठी साठवलेले. बँकेत न ठेवता आमच्या पेढीवर ठेवले, कारण पेढी घरची वाटली. न्यायालयातून त्यांना वाट्याचं थोडं मिळालं, बाकीचं राहिलं. व्रतातली ती ठेव म्हणजे हीच. न्यायालयाने मोकळं केलं, पण ठेव ती ठेवच.

एकोणीसपैकी सात नावांपुढे आता शून्य बाकी आहे. आठवं चाललंय. हिशेब केला तर उरलेल्यांना बरीच वर्षं लागतील, आणि काहींचं वय झालंय. हे मी लपवत नाही. चहा देऊन गप्प राहिलेल्या त्या मालकीणबाईंचे चाळीस हजार गेल्या पर्युषणाआधी पुरे झाले. शेवटचे तीन हजार द्यायला मी गेले तेव्हा त्या पुन्हा चहा करायला उठल्या. या वेळी बोलल्या. म्हणाल्या, "खोली रिकामी आहे, येता का?"

मी म्हणाले, मावशींना विचारून सांगते.

अजून पालीतच आहोत. करार दर अकरा महिन्यांनी नवा होतो, आणि मावशी दर वेळी म्हणतात, कागद कशाला.

एक काम राहिलंय. खोली भावासाठी ठेवली आहे असं ज्या ताईंना मी सांगितलं होतं, त्यांचा पत्ता मला नाही. ही गोष्ट बीडची, साधारण 2012 ची. हे तुम्हीच वाचत असाल, किंवा तुमच्या ओळखीतून त्यांच्यापर्यंत पोचलं, तर माझं सांगणं एवढंच: मला भाऊ नव्हता. खोली रिकामी होती. मिच्छामि दुक्कडम.